दुसऱ्या ओळीतल्या प्लेटा

मॅडम, गेल्या मंगळवारी ती आमच्या कॉलेजात आली होती. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे ही बातमी तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय नाही, हे मला कळतं. तरी ती येऊन गेली तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे. वर्गात शिकवताना, भाजी निवडताना, स्कूटर काढताना. घरात कुणाला सांगावं तर नवरा म्हणेल, इतक्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलीस. म्हणून आज रविवार बघून कागद घेतला. आधीच सांगते, या पत्रात मी शहाण्यासारखं बोलणार नाही. तुमच्यासमोर मी चार वर्षं शहाणी होऊन वागले आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

अकोल्याची ती तुमची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. कॉलेजच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडला लागून, एकाच खिडकीची. आत एक जुना मायक्रोस्कोप, एक फ्रीज, आणि ते उबवणीचं कपाट, ज्यात आपण पेशी वाढवायचो. कपाटाला गरम करता यायचं, थंड करता यायचं नाही, आणि अकोल्याचा मे महिना म्हणजे खोलीच त्या कपाटापेक्षा जास्त तापलेली. मग तुम्ही घरचा कूलर आणून लावलात. घरी तुम्ही उकाड्यात झोपायच्या आणि तुमच्या पेशी वाळ्याच्या गारव्यात. काचेच्या बरणीत पेशींच्या प्लेटा ठेवून आत मेणबत्ती लावायची, झाकण घट्ट बसवायचं, मेणबत्ती विझली की हवा पेशींना हवी तशी झाली असं समजायचं. बाहेरचे प्राध्यापक यायचे ते हसायचे. तुम्ही म्हणायच्या, "हसू द्या. पेशीले डिग्री दिसत नाही, तिले फक्त हवा लागते."

आम्ही दोघी तुमच्याकडे एकाच वर्षी आलो. मी चांदूर रेल्वेची, घरी काळी जमीन, कापूस, तूर, दारात ट्रॅक्टर, वडिलांना गावात मान. ती अकोल्याचीच, बाजारात फुलं विकणाऱ्या घरातली. पहाटे आईबरोबर हार गुंफायचे आणि मग कॉलेजात यायचं. तिच्या बोटांना सुया टोचल्याच्या खुणा असत आणि ओल्या फुलांनी हात कायम गार. पहिल्या महिन्यातच तुम्ही तिला 'फुलवाली' म्हणायला लागलात. "फुलवाली आली का?" "फुलवालीले विचारा." मला तुम्ही माझ्या नावानंच हाक मारायच्या, पूर्ण, हजेरीपटावर असतं तशी. मी चार वर्षं वाट पाहिली की मलाही काहीतरी टोपणनाव पडेल. आज बावन्नाव्या वर्षी हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा ते पोटात दुखल्यासारखं दुखायचं.

आणि ती चांगलीही होती, हे आणखी वाईट. आपल्याला रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी हव्या असायच्या, आणि त्या मिळण्याची सोपी जागा म्हणजे बाळंतपणानंतर टाकून दिलेली नाळ. प्रसूती रुग्णालयातून सिस्टरचा निरोप आला की आमच्यापैकी एकीनं बर्फाचा डबा घेऊन पळायचं. एकदा मी गेले होते. बाळंतिणीची आजेसासू आडवी आली. "नाळ कुठं नेऊन राहिली तू? नाळ पुरा लागते जमिनीत." मी तिला शास्त्र समजावलं. जितकं समजावलं तितकी ती चिडली, आणि मी रिकामा डबा घेऊन परत आले. तुम्ही फुलवालीकडे पाहिलंत. ती गेली. त्या म्हातारीच्या शेजारी खाली बसली आणि म्हणाली, "आजी, इच्यातून चिमूटभर काढून घेतो, बाकी नाळ संध्याकाळी तुमाले आणून देतो. तुमी पुरा." आणि खरंच संध्याकाळी उरलेली नाळ स्वच्छ फडक्यात बांधून, वर झेंडूची चार फुलं ठेवून ती देऊन आली. सिस्टरनं ते तुम्हाला सांगितलं, तुम्ही ते मला सांगितलंत, आणि सांगताना तुमचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "हो मॅडम, छान केलं तिनं." त्या दिवशी मी मेसमध्ये जेवले नाही.

कॉलेजचं निर्जंतुक करायचं यंत्र बिघडलं की आपण तिघी तुमच्या घरी जायचो. तुमच्या ओट्यावर दोन कुकर. एकात डाळ-भात, दुसऱ्यात प्रयोगशाळेच्या बाटल्या आणि चिमटे, कापडात गुंडाळलेले. दोन्हीच्या शिट्ट्या तुम्हीच मोजायच्या. तिथं, झुणका हलवता हलवता, तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते मी आजही माझ्या वर्गात तुमच्याच शब्दांत शिकवते, तुमचं नाव न घेता. तुम्ही म्हणालात, "सूज म्हंजे शरीरानं सोताच पेटवलेला विस्तो. कीटाणू जाळासाठी. पण विस्तो ज्या चुलीत पेटवला थे चूल जळून चालत नाही. रक्तवाहिनीचं अस्तर म्हंजे चूल. सारा जाळ तिच्यापाशी. थे जळली की रक्तातलं पाणी बाहेर झिरपते, मानूस फुगते, मरते. मंग थे जळत काहून नाही?" मी लगेच म्हणाले, ती जाड असते म्हणून. तुम्ही मान हलवलीत. एका पेशीएवढंच तर अस्तर, जाडी कुठली? ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आमची माय रोज सकाळी चुलीले पोतेरं फिरवते मॅडम. मातीचा हात. म्हणून चूल टिकते." तुम्ही उलथनं खाली ठेवलंत. "शाब्बास. मंग पेशीचं पोतेरं कोनतं, थे शोधा." मॅडम, चूल आमच्याही घरी होती. माझी आईही पोतेरं फिरवायची. मी रोज पाहिलं होतं. मला का नाही सुचलं?

आता त्या मे महिन्याकडे येते. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरून साक्षगंध होतं, मला दुपारच्या पॅसेंजरनं चांदूरला पोचायचं होतं. नाळ तिनं आणली होती, पेशी तिनं सोडवल्या होत्या, आणि पुढचं काम तुम्ही माझ्याकडे दिलं होतं. सहा प्लेटा, तीन-तीनच्या दोन ओळी. सहाही प्लेटांत सूज चढवणाऱ्या रेणूचा थेंब टाकायचा. तो रेणू म्हणजे पेशीला दिलेला निरोपच, की आग लागली आहे. तुमच्या मुंबईच्या मैत्रिणीनं पाठवलेली त्याची इवलीशी कुपी आपण किती जपून वापरायचो. पहिली ओळ आधी बघायची होती, दुसरी जास्त वेळ ठेवायची होती, म्हणून दुसऱ्या ओळीत वरून थोडं ताजं पोषण-द्रव घालायचं. एवढंच. मी घड्याळाकडे बघत फ्रीज उघडला, बाटली घेतली, तिन्ही प्लेटांत घातलं, बरणीत मेणबत्ती लावली, ती विझेपर्यंतही थांबले नाही, आणि स्टेशनकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले तेव्हा तुम्ही दोघी मायक्रोस्कोपपाशी उभ्या होता. तुम्ही मला वाकून बघायला सांगितलंत. पहिल्या ओळीतल्या पेशी फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना लागून, जिवंत. दुसऱ्या ओळीतल्या तिन्ही प्लेटांत सगळ्या पेशी गोल होऊन, सुटून, पाण्यावर तरंगत होत्या. मेलेल्या. तुम्ही विचारलंत, "काय झालं हे?" मी फ्रीजशी गेले. दाराच्या कप्प्यात दोन सारख्या बाटल्या, एकीचं लेबल अर्धं निघालेलं. ती आपण आदल्या आठवड्यात वर्गात दाखवायला बनवली होती. तिच्यातल्या द्रवात एक औषध मिसळलेलं होतं, ज्यानं पेशीचं नवीन प्रथिन तयार करणं थांबतं. त्या बाटलीतलं द्रव कमी झालं होतं. मला त्याच क्षणी कळलं. फ्रीजचं दार बंद केलं आणि म्हणाले, "नाळच खराब असेल मॅडम. उशिरा आणली असेल."

तुम्ही तिच्यावर ओरडलात. पहिल्यांदाच. "उनात फिरत बसली काय डबा घेऊन? हार इकत बसली व्हती?" ती खाली बघत उभी राहिली. म्हणाली, "नाही मॅडम. पण पुन्हा पाह्यतो." आणि मला, हे लिहायलाच हवं, मला बरं वाटलं. चार वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मी सहाच्या सुमाराला खोलीवर गेले आणि गाढ झोपले.

ती मात्र तिथंच बसून राहिली. तिचा विचार अगदी साधा होता. दोन्ही ओळी एकाच नाळेच्या, मग एकच ओळ कशी मेली? नाळ खराब असती तर सहाही मेल्या असत्या. म्हणजे दुसऱ्या ओळीत वरून जे पडलं त्यातच काहीतरी. तिनं फ्रीजमधल्या बाटल्या काढून उजेडात धरल्या. मग पुढचा आठवडाभर, अकोला तव्यासारखं तापलेलं असताना, ती नव्या नाळा आणत राहिली आणि तेच मुद्दाम करून बघत राहिली. काही प्लेटांत फक्त सुजेचा निरोप. काहींत फक्त ते प्रथिन थांबवणारं औषध. काहींत दोन्ही. फक्त निरोप मिळालेल्या जगल्या. फक्त औषध मिळालेल्याही तेवढ्या वेळात तग धरून राहिल्या. दोन्ही मिळालेल्या मेल्या. मी तिथंच, शेजारच्या स्टुलावर बसून वहीत नोंदी करत होते. शनिवारी ती तुमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, निरोप भेटल्यावर थे काहीतरी बनवते. झटपट. आपल्याच बचावासाठी. आपण बनवू देलं नाही, म्हणून मेली. हेच तिचं पोतेरं हाय."

तुम्ही कपाटातून एका जुन्या शोधनिबंधाची झेरॉक्स काढलीत. "हे जगाले माहीत हाय पोरींनो. आपण काही नवं नाही शोधलं. पण मी तुमाले सांगतलं नव्हतं, आन् तुमी आपल्या डोळ्यानं पाह्यलं. अकोल्यात, मेणबत्तीच्या उजेडात." मग तुम्ही तिला जवळ घेतलंत. मी बाजूला उभी होते. ती काही बोलली नाही की बाटली कुणी बदलली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुम्ही मात्र पाहिलंत. आणि थोड्या वेळानं, ती हात धुवायला गेली तेव्हा, माझ्यापाशी येऊन हळूच म्हणालात, "चूक करनं माफ हाय. चुकीकडं पाठ करनं माफ नाही." मी विचारलं, "कुणाबद्दल म्हणताय मॅडम?" तुम्ही म्हणालात, "कोनाबद्दलच नाही." आणि खिडकी लावून घेतलीत. मला वाटलं, तुम्हाला फक्त संशय आहे. संशय आहे तोवर आपण सुरक्षित आहोत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ती चूक माझी आणि डोळे तिचे. त्यानंतरचं सगळं त्यातूनच आलं. तुमचं शिफारसपत्र तिला मिळालं, ती आधी बंगलोरला गेली, मग परदेशात. जाताना तुम्ही तिला तुमचं स्वतःचं भिंग दिलंत, तुमच्या गुरूंनी तुम्हाला दिलेलं. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, अमरावतीत नोकरीही लागली होती, तेव्हा तुम्ही मला प्रेशर कुकर दिलात. चांगला, मोठा, पाच लिटरचा. सासूबाई खूश झाल्या. मी तो वर्षभर खोक्यातून बाहेर काढला नाही. तुम्ही भेटलात की विचारायच्या, कुकर बरा चालतो ना? मी म्हणायची, हो मॅडम, मस्त. तिचे लेख छापून यायचे, तुम्ही मला पोस्टानं त्याच्या झेरॉक्सा पाठवायच्या, वर तुमच्या अक्षरात 'वाच'. मी वाचायची. प्रत्येक लेख आमच्या त्या तीन प्लेटांपासूनच पुढं गेलेला असायचा. पेशी बचावासाठी काय काय बनवते, कोणतं प्रथिन धोक्याची घंटा बंद करतं, कोणतं पेशीला मरण्यापासून अडवतं. इतकं सुंदर लिहिलेलं असायचं की मला ते फाडून टाकावंसं वाटायचं. फाडलं मात्र एकही नाही. सगळे एका फायलीत तारखेनं लावून ठेवले आहेत.

मग तुमचं आजारपण. साधा न्यूमोनिया म्हणून दाखल झालात आणि चार दिवसांत संसर्ग रक्तात उतरला. मी रोज बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला यायची. तुमचे भाऊ परतवाड्याहून आले होते, ते बाहेर बाकावर बसून असायचे. मी दुपारी आत. तिला मी पहिल्याच दिवशी फोन केला होता, हे नोंदवून ठेवते. तेवढी वाईट मी नाही. तिला तिकीट मिळत नव्हतं. इकडे तुमचे हात फुगले, बोटातली अंगठी कापून काढावी लागली. डॉक्टर मुलगा वयानं लहान होता, तो मला समजावत होता की रक्तवाहिन्यांचं अस्तर गळतंय, पाणी बाहेर झिरपतंय. मी म्हटलं, हो. मी तुमच्या सुजलेल्या हाताकडे बघत होते आणि मला आत एक-एक पेशी दिसत होती. निरोप मिळालेला आहे, आग सगळीकडे आहे, आणि बनवायला हवं ते बनवता बनवता त्या थकल्या आहेत. आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला ते तुमच्याच अंगात घडत होतं आणि मी काहीही करू शकत नव्हते. कापूस ओला करून तुमचे ओठ पुसत होते, एवढंच. आणि तुम्ही शुद्धीवर आलात की रोज एकच. "फुलवाली आली का?" "निघाली आहे मॅडम." पुसत मी होते, मॅडम. गाडीची धूळ खात रोज मी येत होते.

पाचव्या दिवशी दुपारी तुम्ही डोळे अर्धे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "फुलवाली, आली का तू?" मी सांगणारच होते की मी आहे. का कोण जाणे, तोंडातून निघालं, "हो मॅडम. आली." तुम्ही हात पुढं केलात. मी माझा हात दिला. खोलीतल्या एसीनं तो गार पडला होता. "तसेच थंडे हायेत," तुम्ही म्हणालात. "या हातानं एक पेशी दुखावली नाही कधी." दुसऱ्याचं पत्र फोडून वाचावं तसं मी ते ऐकत होते, आणि थांबवायची इच्छा होत नव्हती. मग तुम्ही बराच वेळ दम घेऊन म्हणालात, "चांदूरवालीवर राग नोको धरू."

मला आधी कळलंच नाही. "कोण मॅडम?"

"चांदूरवाली. बाटली तिनं टाकली व्हती. मले त्याच दिवशी समजलं. नाळेवर ढकललं तिनं. डरते थे पोरगी." परत दम घेतलात. "डोकं तुह्याइतकंच व्हतं तिचं. मी वाट पाह्यली. म्हटलं येईन, सांगन. नाही आली."

मी म्हणाले, "नाही धरत राग." तिच्या वतीनं. तुम्ही डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही कुणाशीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात, आणि ती तिसऱ्या दिवशी पोचली, सरळ विमानतळावरून, सुजलेल्या डोळ्यांनी. तिनं विचारलं, शेवटी काही बोलल्या का. मी म्हटलं, शुद्धच नव्हती. तेव्हा मी फक्त एवढाच विचार करत होते की मलाही एक नाव होतं. तुम्ही माझ्या पाठीमागे मला चांदूरवाली म्हणत होता, आणि मला कधीच ऐकू आलं नाही. आणि ते एकदाच ऐकलं तेही फुलवाली होऊन.

आता मंगळवार. ती वर्षातून एकदा भारतात येते, आमच्या प्राचार्यांनी तिला बोलावलं, आणि विभागप्रमुख म्हणून तिची ओळख करून द्यायचं काम माझ्यावर आलं. मी ती चांगली करून दिली. ती चष्मा लावते आता, केस पांढरे, पण बोलायला लागली आणि तीच. मोर्शीची, नांदगाव खंडेश्वरची, कुठकुठली मुलं समोर. ती त्यांच्याशी सरळ वऱ्हाडीतच बोलली. म्हणाली, "ज्या निरोपानं पेशीत आग लागते ना, त्याच निरोपानं पाणी आणाचा हुकूमबी सुटते. दोन्ही एकदमच. पाणी आलं नाही तं पेशी मरते." मुलं इतकी शांत बसलेली मी माझ्या वर्गात कधी पाहिली नाहीत. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमाले हे पहिल्यांदा कसं समजलं?" ती हसली. तुमची खोली, कूलर, मेणबत्ती, सगळं सांगितलं. सहा प्लेटा सांगितल्या. आणि मग म्हणाली, "आन् माह्या हातानं चूक झाली. घाईघाईत मी दुसरी बाटली घेतली. दुसऱ्या ओळीतल्या साऱ्या पेशी मेल्या. त्या चुकीनंच मले शिकवलं. म्हणून चुकीले भेऊ नका."

टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, जणू सांगत होती की काळजी करू नको, मी निभावून नेलं. मी उठून उभी राहिले. हातात माईक नव्हता, तरी मोठ्यानं म्हणाले, "ती बाटली हिनं नाही, मी घेतली होती. आणि मॅडमना मी सांगितलं होतं की नाळ खराब आहे. नाळ हिनं आणली होती, बोलणी हिनं खाल्ली." प्राचार्य माझ्याकडे बघत राहिले. मग त्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच, आणि त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या.

तिला अकोल्याची गाडी पकडायची होती. मी तिला बडनेरा स्टेशनवर सोडायला गेले. बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "काहून उठली वं? मी तं तुह्यासाठीच तसं सांगत व्हती. दरवेळी तसंच सांगतो मी."

"दरवेळी?"

"हो. सगळीकडं. तुहं नाव कशाले घ्याचं, चुकीसाठी."

किती देशांत, किती सभागृहांत ती चूक तिची म्हणून सांगितली गेली असेल, हे मी मनात मोजायला लागले आणि मग थांबले. गाडीची घोषणा झाली तेव्हा तिनं परत विचारलं, अकरा वर्षांपूर्वी विचारलं होतं तसंच. "मॅडम शेवटी माह्याबद्दल काहीच नाही बोलल्या काय?" या वेळी मी अर्धं सांगितलं. म्हटलं, "बोलल्या. तुझ्या हातांनी कधी एक पेशी दुखावली नाही म्हणाल्या. मी तुला सांगायला विसरले." ती तिथंच, फलाटावर, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. विसरले कशी, असं तिनं विचारलं नाही. उरलेलं अर्धं, चांदूरवालीचं, मी तिला सांगितलं नाही. ते माझं आहे. एवढं तरी माझ्याकडे राहू द्या.

कॉलेजात आता मला जरा वेगळा मान आहे. प्राचार्य म्हणाले, मॅडम, याला मोठं मन लागतं. ती पहिल्या बाकावरची मुलगी काल घरी येऊन पाया पडून गेली. तुम्हीही असता तर कदाचित म्हणाला असता, उशिरा का होईना, आली आणि सांगितलं. म्हणूनच हे पत्र लिहून ठेवते आहे, आणि म्हणूनच कुणाला दाखवणार नाही. मॅडम, मी खरं बोलायला उठले नव्हते. तिला त्या चुकीच्या टाळ्या मिळाल्या आणि मला ते बघवलं नाही. भिंग तिचं, तुमचं शेवटचं बोलणं तिचं, सगळं तिचं झालं. चूक तेवढी माझी होती, आणि ती मला तिला द्यायची नव्हती.